झिंग्याची पिल्लं शेपटीकडून पांढरी पडायलीत, काय करावं?

वसमतचा हळदवाला | ११ ऑगस्ट, रात्री ९:१२

राम राम मंडळी. हळद सोडून पहिल्यांदाच दुसऱ्या नादाला लागलोय. शेततळं ४४ बाय ४४ मीटरचं, प्लास्टिक अंथरलेलं. पाणी सध्या पाच फूट, कॅनॉलचं आणि थोडं बोअरचं. जूनमध्ये कटला-रोहूची बोटुकली सोडली, ती मजेत आहेत. ३१ जुलैला आंध्रातून गोड्या पाण्यातल्या झिंग्याचं बीज आणलं. दहा हजार नग, दीड रुपयाला एक.

आठ दिवस सगळं बेस होतं. परवापासून पिल्लं कडेला येऊन पडायलीत. शेपटीकडचं मांस दुधासारखं पांढरं. आज सकाळी वाटीभर गोळा केली. टाकलेलं खाद्य ट्रेमध्ये तसंच. बीज देणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, तुमच्या पाण्यात क्षार जास्त. आमचं म्हातारं म्हणायलंय, पाण्यात टाकलेले पैसे पाण्यातच गेले.

कुणाला याचा अनुभव आहे का? फोटो टाकलाय, नीट आला नाही.

गोदाकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ९:४०

भाऊ, आधी पहाटे पाचला तळ्यावर जाऊन बगा. ढगाळ हवा आहे, चार दिवस ऊन नाही, ऑक्सिजन गेला असणार. आमच्या सोसायटीच्या तलावात असंच झालतं. पाण्यात हवा खेळवणारं एरेटर आहे का?

वसमतचा हळदवाला | १२ ऑगस्ट, सकाळी ६:३५

आत्ता तळ्यावरूनच लिहायलोय. मासे वर तोंड काढून नाहीत, झिंगे काठाला चिकटून नाहीत. मेलेली पिल्लं मात्र कालच्यापेक्षा जास्त. एरेटर नाही, पण रात्री मोटर लावून पाणी वरून पाडतो. लाईट असली तर.

पनवेलकर | १२ ऑगस्ट, सकाळी ८:०५

पांढरे डाग म्हणजे व्हाइट स्पॉट. १९९४-९५ला आमच्या खाडीकाठची आणि पूर्व किनाऱ्याची कोळंबी त्यानंच झोपवली होती. सगळं काढून टाका, दुसरा इलाज नाही.

उदगीर_मत्स्य | १२ ऑगस्ट, सकाळी ९:२०

पनवेलकर, जरा थांबा. व्हाइट स्पॉटमध्ये ठिपके कवचावर असतात, मुख्यतः डोक्याकडच्या. कवच सोलून उजेडात धरलं तर दिसतात. इथं कवच स्वच्छ आहे, आतलं मांस पांढरं झालंय. शिवाय तुमच्याकडची टायगर किंवा व्हनामी कोळंबी ही खाऱ्या-मचूळ पाण्यातली, ह्यांचा झिंगा वेगळा. आपण ज्याला स्कॅम्पी म्हणतो तो, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. व्हाइट स्पॉटला तो बराच दाद देत नाही. त्याचं दुखणं दुसरंच आहे.

हळदवाले, मला तीन गोष्टी सांगा.
पांढरेपणा नेमका कितव्या दिवशी दिसला? आणल्या आणल्या होता का?
मरतात ती लहान की मोठी?
ह्याच बीजातली काही पिल्लं तुम्ही दुसऱ्या पाण्यात कुठं ठेवली आहेत का?

वसमतचा हळदवाला | १२ ऑगस्ट, दुपारी १:१५

सर, आणली तेव्हा काचेसारखी आरपार होती. पिशव्या अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवून, थोडं थोडं पाणी मिसळून सोडली. पांढरं नवव्या दिवशी दिसलं.
मोठी-लहान असा फरकच नाही, सगळी एका वयाची.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र दचकलो. पोरीच्या काचेच्या टाकीत २५ पिल्लं टाकली होती. घरच्या आडाचं पाणी, बुडबुड्याची मशीन लावलेली. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता जाऊन बघितलं. नऊ मेलीत, बाकीच्यांतली सहा-सात पांढरी. पोरगी मला सांगत होती दोन दिवसांपासून, मीच लक्ष दिलं नव्हतं.

गोदाकाठ | १२ ऑगस्ट, दुपारी १:३२

मग ऑक्सिजन नाही. माझा शब्द मागं.

उदगीर_मत्स्य | १२ ऑगस्ट, रात्री १०:१०

सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आपल्या भागात आता वारंवार येणार आहे.

झिंग्याचं मांस पांढरं पडायला कारणं अनेक. प्रवासाचा ताण, पाण्याच्या तापमानात एकदम फरक, ऑक्सिजन कमी, कात टाकताना धक्का. ह्या सगळ्यात पांढरेपणा त्या घटनेनंतर एक-दोन दिवसांत दिसतो आणि कारण दूर झालं की बरीच पिल्लं सावरतात. ऑक्सिजन गेला तर पहाटे मरतूक होते आणि सहसा मोठे आधी जातात. पाणी जड असेल तर कवचावर चुन्याचा थर बसतो, वाढ खुंटते. पण ते दुखणं महिनोन्महिने चालतं, आठ दिवसांत वाटीभर पिल्लं मारत नाही.

तुमच्याकडं दोन वेगळी पाणी, एक तळ्याचं, एक आडाचं. दोन्हीकडं त्याच सुमारास तोच पांढरेपणा. सामाईक एकच, बीज. प्रवासाचा ताण म्हणावा तर तो नवव्या दिवसापर्यंत वाट बघत नाही.

म्हणून संशय पांढऱ्या शेपटीच्या रोगावर आहे, व्हाइट टेल डिसीज. विषाणूचा रोग. एमआरएनव्ही नावाचा नोडाव्हायरस त्याला कारण. २६-२७ नॅनोमीटरचा, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर. त्याच्यासोबत एक्सएसव्ही नावाचा आणखी चिमुकला, १५ नॅनोमीटरचा विषाणू सापडतो. तो एकट्यानं वाढू शकत नाही, पहिल्याच्या जिवावर वाढतो. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.

पहिल्यांदा हा रोग कॅरेबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर १९९५ मध्ये लक्षात आला. नंतर चीन, थायलंड, तैवान. आपल्याकडं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आंध्रातल्या नेल्लोर भागातल्या आणि तमिळनाडूतल्या हॅचऱ्यांत, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रांत, त्याची नोंद झाली. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत तो आहे.

लक्षणं: आधी पिल्लू सुस्त होतं, खाणं सोडतं. मग पोटाच्या भागातलं मांस पांढुरकं होऊन ते शेपटीकडं आणि शेवटी डोक्यापर्यंत पसरतं. जोरात असेल तर शेपटीचे पंखे झडतात. लक्षणं दिसल्यापासून पाच-सहा दिवसांत मरतूक शिखराला जाते. काही ठिकाणी ९५ टक्क्यांपर्यंत गेलेली आहे.

पण हे सगळं डोळ्यांनी बघून. खात्री फक्त आरटी-पीसीआरनं, म्हणजे विषाणू ओळखायच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीनं होते. फोटो बघून "हाच रोग" असं मी म्हणणार नाही, तुम्हीही बीज देणाऱ्याला तसं फोनवर म्हणू नका.

वसमतचा हळदवाला | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

सर, औषध?

उदगीर_मत्स्य | १२ ऑगस्ट, रात्री १०:४४

नाही.

[हा प्रतिसाद धागा संचालकांनी काढला आहे] | १३ ऑगस्ट

धागा संचालक | १३ ऑगस्ट, सकाळी ११:००

फोन नंबर टाकून "तीन दिवसांत मरतूक बंद" असली पावडर इथं विकू नये. दुसऱ्यांदा केल्यास खातं बंद.

उदगीर_मत्स्य | १३ ऑगस्ट, सकाळी ११:२५

बरं झालं काढलं. अँटिबायोटिकचं विषाणूपुढं काही चालत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं तर मत्स्यशेतीत बंदीच आहेत. मरायचे ते झिंगे मरतीलच, वर रोहूत औषधाचा अंश राहील.

नमुना असा घ्या: जिवंत पण पांढरी पिल्लं २०-२५, आणि वेगळ्या बाटलीत चांगली दिसणारी तेवढीच. मेलेली, मऊ पडलेली नकोत. ९५ टक्के अल्कोहोल, पिल्लांच्या दहापट. फॉर्मालिनमध्ये अजिबात टाकू नका. बाटलीवर तारीख, तळं, बीजाची तारीख पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई अल्कोहोलनं पुसून जाते. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. २०२३ मध्ये केंद्रानं "रिपोर्ट फिश डिसीज" नावाचं मोबाईल ॲप काढलंय, त्यावरही नोंद करा. उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात एकदा बोलून घ्या, नमुना कुठं जाईल ते विचारा.

अंबाजोगाईची शेतकरीण | १३ ऑगस्ट, रात्री ८:५०

दोन दिवस हा धागा नुसता वाचतेय, लिहायचं धाडस होत नव्हतं. दादा, तुमचं बीज ३१ जुलैचं ना? पांढऱ्या टेम्पोतून, नांदेडला पहाटे उतरवलेलं? त्याच गाडीतले तीन हजार माझे आहेत.

मी तळ्यात सोडले नाहीत. तळ्याच्या एका कोपऱ्यात हापं, म्हणजे बारीक जाळीचा पिंजरा, बांधून त्यात ठेवलेत, महिनाभर मोठे करून मग सोडायचे म्हणून. ८ तारखेला पहिलं पांढरं दिसलं. आज हापं उचलून पाहिलं तर निम्मे पण नसतील. मला वाटत होतं मीच खाद्य जास्त टाकलं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

वसमतचा हळदवाला | १३ ऑगस्ट, रात्री ९:०२

ताई, तीच गाडी. माझ्यासमोर तुमचे खोके उतरवलेते.

देगलूरकर | १३ ऑगस्ट, रात्री ११:३०

चार वर्षं आंध्रातल्या हॅचरीत कामाला होतो, कुठल्या ते विचारू नका. जे बघितलं ते सांगतो.

झिंग्याची मादी अंडी पोटाखाली धरून असते. अंडी आधी नारिंगी, मग राखाडी. राखाडी झाली की मादी टाकीत सोडायची. पिल्लं निघाली की गोड्या पाण्यात जगत नाहीत, त्यांना मचूळ पाणी लागतं, १२ पीपीटीच्या आसपास. म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं मीठ. अकरा अवस्था पार करायच्या, महिना जातो. खायला आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला चिमुकला जीव. मग ते पिल्लू तळाला बसायला, चालायला लागतं. ते तुमचं पीएल, म्हणजे विकायचं बीज. मग हळूहळू गोडं पाणी.

आता गंमत बघा. मोठ्या झिंग्याला हा विषाणू असला तरी काही होत नाही. आई ठणठणीत, तुरतुरीत. रोग अंड्यासोबत पोरांत उतरतो. डोळ्यानं मादी निवडणारा कितीही जुना जाणता असू द्या, त्याला कळत नाही. मादीचा पाय तोडून तपासायला पाठवणं हाच उपाय, आणि ते कोण करतंय?

टाकीला लागलं की तळाला कात आणि मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर दिसतो, पिंजलेल्या कापसासारखा. चांगला मालक असला तर ती टाकी ब्लीचिंगनं मारून टाकतो. दुसरा असला तर रातोरात पॅकिंग लावतो. पिल्लू आज आरपार दिसतंय ना, मग पोचेपर्यंत तरी दिसेल. तुमचं कुणी तसं केलं असं मी म्हणत नाही. नकळतही होतं.

पनवेलकर | १४ ऑगस्ट, सकाळी ७:४०

परवा घाईत बोललो, माफी. देगलूरकर म्हणतात ते आमच्याकडं तंतोतंत असंच होतं. फरक एवढाच की व्हनामीवाले पीसीआरचा कागद हातात आल्याशिवाय पैसे सोडत नाहीत. २००९ला व्हनामीला परवानगी मिळाली आणि आंध्रातले पुष्कळ स्कॅम्पीवाले तिकडं वळले. २००५च्या सुमाराला देशात स्कॅम्पीचं उत्पादन शिखरावर होतं, मग घसरगुंडी. रोग, एकाच घरातल्या माद्यांचं पुन्हा पुन्हा बीज, वाढ कमी. सगळं एकदम आलं. तुम्ही आता त्या उरलेल्या धंद्यातलं बीज घेताय हे लक्षात ठेवा. भुवनेश्वरच्या सीफा संस्थेनं सुधारित स्कॅम्पी काढलाय, तिकडंही चौकशी करा.

पैठणकर | १४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

मला विषाणूतलं काही कळत नाही. आमच्या गोदावरीत धरणाच्या आधी मोठा झिंगा यायचा असं वडील सांगायचे. आता नाथसागरात जाळ्याला लागतो तो बोटाएवढा, सुकटीचा. एक विचारतो, हे तळ्यातलं पाणी तुम्ही वड्याला सोडणार का? वडा जातो पूर्णेला, पूर्णा गोदेला. खालच्या अंगाला जाळी टाकणाऱ्यांच्या जाळ्यात काय आणून सोडता?

वसमतचा हळदवाला | १४ ऑगस्ट, सकाळी १०:५०

काका, पाणी हळदीला द्यायचं म्हणत होतो. वड्याला नाही.

उदगीर_मत्स्य | १४ ऑगस्ट, दुपारी २:००

पैठणकर काकांचा प्रश्न ह्या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

हळदीला दिलेलं चालेल. हा विषाणू झाडाला, जनावराला, माणसाला काही करत नाही. पाणी शेतातच जिरू द्या, सांडव्यातून बाहेर जाऊ देऊ नका. मुसळधार पावसात तळं भरून वाहतं, म्हणून आत्ताच फूटभर पाणी हळदीला काढून जागा करून ठेवा. काढताना पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. मेलेली पिल्लं रोज गोळा करून चुना टाकून पुरा. बगळे आणि कुत्री तिथं जमू देऊ नका. जाळं, बादली, खाद्याचा ट्रे दुसऱ्याच्या तळ्यावर नेऊ नका. नेलाच तर ब्लीचिंगच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवून. पाण्यातल्या किड्यांमध्येही हा विषाणू सापडलेला आहे, म्हणून शेजारचं तळं लांब आहे ह्या भरवशावर राहू नका.

गोदाकाठ | १४ ऑगस्ट, दुपारी २:२०

तळं ब्लीचिंगनं मारायचं का मग? २००० घनमीटर पाणी धरलं आणि ६० पीपीएमनं, म्हणजे घनमीटरला ६० ग्रॅम, टाकली तर १२० किलो पावडर होते. मासे पण मरतील.

उदगीर_मत्स्य | १४ ऑगस्ट, दुपारी २:४५

हिशोब बरोबर, पण आत्ता करू नका. रोहू-कटलाला हा रोग नाही, त्यांचं उत्पन्न कशाला घालवायचं? मासे वाढवा, उन्हाळ्यात पाणी उतरलं की विका. मग गाळ काढून प्लास्टिक उघडं पडू द्या. किनाऱ्यावरच्या लोकांना तळं वाळवायला कसरत करावी लागते, आपल्याकडं मे महिना ते काम फुकट करतो.

आणि एक. जी पिल्लं लक्षणं दिसल्यानंतर पंधरा दिवस तगतात, ती पुढं सहसा विक्रीएवढी वाढतात. त्यांना मारू नका, खायला घाला. फक्त त्यातली मादी कुणाला बीजासाठी देऊ नका. त्या दिसायला ठणठणीतच असतील.

अंबाजोगाईची शेतकरीण | १४ ऑगस्ट, रात्री ९:३०

माझे हाप्यातले काय करू? तळ्यात सोडू की तिथंच?

उदगीर_मत्स्य | १४ ऑगस्ट, रात्री ९:४१

ताई, हापं तळ्यातच आहे, म्हणजे तेच पाणी. आता सोडलं काय नि ठेवलं काय, तळ्याच्या दृष्टीनं फरक नाही. पण हाप्यात मोजता येतं, ते सोडू नका. रोज मोजा, वहीत लिहा. पीव्हीसी पाईपचे तुकडे, जुन्या जाळीचे गुंडाळे आत टाका; कात टाकलेलं मऊ पिल्लू लपलं नाही तर दुसरे खातात. तुमची मोजणी बीजवाल्याशी बोलताना लागेल. आणि नवऱ्याला सांगा. त्यात तुमची चूक नाही.

वसमतचा हळदवाला | २९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

रिपोर्ट आला. पांढरी पिल्लं पॉझिटिव्ह, चांगली दिसणारीही पॉझिटिव्ह. ताईंच्या नमुन्याचंही तेच. पोरीच्या टाकीत चार जगलीत, तिनं त्यांना नावं ठेवलीत.

बीजवाल्याला रिपोर्ट पाठवला. दोन दिवस फोन उचलला नाही, मग म्हणाला पुढच्या वर्षी निम्म्या भावात देतो. मी म्हणलं, निम्मा रोग देणार का?

पैसे मिळाले नाहीत. बिलावर जीएसटी नंबर नाही, बॅच नंबर नाही, फक्त "झिंगा बीज १० हजार" आणि एक सही. ही चूक माझी.

देगलूरकर | २९ ऑगस्ट, रात्री ८:००

चांगल्या दिसणाऱ्या पिल्लात पण निघालं हे सगळ्यांनी नीट वाचा. पुढच्या वेळी आगाऊ रक्कम देतानाच अट घाला: माझी टाकी, माझ्या समोर दीडशे पिल्लं काढायची, पीसीआर करायचा, रिपोर्ट आला की गाडी भरायची. तोवर पिल्लं त्यांच्याकडं. रिपोर्टवर टाकी नंबर पाहिजे. "हॅचरी निगेटिव्ह" असला कागद दाखवतील, तो सहा महिन्यांपूर्वीचा पण असू शकतो.

गोदाकाठ | २९ ऑगस्ट, रात्री ८:१५

दहा हजार पिल्लांसाठी कोण एवढं करेल? तपासणीचा खर्च एकट्याला परवडत नाही.

देगलूरकर | २९ ऑगस्ट, रात्री ८:१९

एकट्याला नाहीच परवडत. म्हणून तर दहा जणांनी एक गाडी करायची.

वसमतचा हळदवाला | १९ डिसेंबर, रात्री ८:४५

बरेच दिवसांनी आलो. थंडी पडायली, परभणी-हिंगोलीकडं पारा खाली आला की झिंगा खाणं सोडतो, म्हणून परवा जाळं ओढलं. दहा हजारातले मोजून ६८४ निघाले. २३ किलो भरले. निळ्या नांग्यांचे नर तर हातभर लांब वाटायले, गाव बघायला जमलं होतं. नांदेडला साडेचारशेनं गेले. म्हातारं पहिल्यांदा तळ्यावर आलं, एक झिंगा उचलून उलटा-पालटा करून बघितला आणि म्हणालं, ह्याला पाय किती रे?

मासे अजून तळ्यातच आहेत.

जुलैसाठी बीज ठरवायचंय. आत्तापर्यंत आम्ही पाच जण आहोत, वसमत, औंढा, पूर्णा, नायगाव आणि देगलूर. टाकीसमोरच्या तपासणीची अट आधी लिहून घेणार, खर्च नगावर वाटून. माद्यांचा रिपोर्ट दाखवायला एक हॅचरी तयार झाली आहे, दुसरीनं फोन ठेवला. कुणाला यायचं असेल तर नग सांगा.

गोदाकाठ | १९ डिसेंबर, रात्री ९:०३

सोसायटीचे वीस हजार धरा. ठराव मांडावा लागेल, पण धरा.

अंबाजोगाईची शेतकरीण | १९ डिसेंबर, रात्री ९:२०

माझे दोन हजार. हाप्यातले ११० जगले होते दादा, घरीच खाल्ले. आणि गाडी नांदेडला उतरली की सगळ्यांची पिल्लं एकत्र सोडू नका, प्रत्येकानं आधी हाप्यात पंधरा दिवस ठेवायची असं पण लिहून घ्या. रिकामी हापी माझ्याकडं चार आहेत. दोन फाटकी, शिवून आणते.